घरात प्राणी नसला तरी करण्यासारखं पुष्कळ आहे

ताई, तुमचं सदर नेहमी वाचते, पण लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. गेल्या रविवारी आमच्या हॉलच्या मोठ्या काचेवर एक पक्षी येऊन आपटला. माझी नऊ वर्षांची मुलगी धावत गेली, त्याला उचलून आणलं, चमच्याने पाणी पाजायला लागली. थोड्या वेळात त्याने जीव सोडला. तेव्हापासून रोज विचारते, "आई, आपण प्राण्यांसाठी काहीच का नाही करत?" काय सांगू तिला? दिवसभर नोकरी, घर लहान, यांना केसांची ॲलर्जी. कुत्रं-मांजर पाळणं शक्यच नाही, आणि जखमी प्राणी दिसला की मलाच भोवळ येते. रात्री फोनवर तसले व्हिडिओ बघते, रडते, चार ग्रुपवर पाठवते आणि झोपते. त्यात घरात उंदीर झालेत. सासूबाई म्हणतात विष ठेवा. मला ते नको वाटतं, पण दुसरा उपायही ठाऊक नाही. आमचे दीर म्हणतात, "आधी माणसांचं बघा, मग जनावरांचं." आमच्यासारख्या साध्या माणसांनी नेमकं करायचं तरी काय?
ता. क. लेकीला वाढदिवसाला ससा हवाय. निदान त्याला तरी हो म्हणू का?
– एक आई

प्रिय आई,

आधी लेकीचा तो चमचा. तिच्या पाण्यामुळे पक्षी गेला असं तिच्या मनात राहू देऊ नका. भरवेगात काचेवर आपटलेल्या पक्ष्याच्या डोक्यात बहुधा रक्तस्राव झालेला असतो आणि बाहेरून साधा ओरखडाही दिसत नाही. मात्र पुढच्या वेळी पाणी पाजायचं नाही, आणि का ते तिला नीट समजावून सांगा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी सोडलं की ते सरळ श्वासनलिकेत जायची भीती असते.

असा पक्षी सापडला तर पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, तळाला मऊ फडकं घालायचं, झाकणाला चार भोकं पाडायची. पक्षी आत ठेवून झाकण लावायचं आणि खोकं शांत, उबदार जागी ठेवून द्यायचं. खाणंपिणं काही नाही. अंधारात पक्षी शांत होतो, धडपडत नाही. सारखं झाकण उघडून बघायचं नाही, लहान मुलांना हेच सगळ्यात जड जातं. तासाभराने खोकं बाहेर मोकळ्यावर नेऊन झाकण काढायचं. उडून गेला तर उत्तम. पंख लोंबत असेल, डोळा सुजलेला असेल किंवा उडायचं नावच घेत नसेल, तर पशुवैद्याकडे किंवा वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात. यात भोवळ येण्यासारखं काही नाही, बघा.

आता काच. पक्ष्याला काच म्हणून काही दिसतच नाही. त्याला दिसतं ते काचेत पडलेलं झाडाचं आणि आकाशाचं प्रतिबिंब, आणि तो तिकडे जायला निघतो. अमेरिकेत २०१४ साली याचा हिशोब मांडला गेला. तिथे दरवर्षी साडेछत्तीस कोटी ते जवळपास ९९ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात, असा तो अंदाज आहे. आपल्याला वाटतं ही गगनचुंबी इमारतींची करणी असणार. पण त्या अंदाजात उंच इमारतींचा वाटा एक टक्काही नाही. सुमारे ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली घरांच्या खिडक्यांवर होतात. कारण सरळ आहे, अशी घरं संख्येने प्रचंड आणि त्यांच्या आसपास झाडं. प्रत्येक घराच्या वाट्याला वर्षाकाठी एखाददुसरा पक्षी येतो, म्हणून कुणालाच ते फारसं जाणवत नाही.

बरेच जण काचेवर ससाण्याचं एक काळं चित्र चिकटवतात आणि निर्धास्त होतात. त्याने काम होत नाही. पक्षी त्या चित्राला भीत नाहीत, त्याला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात. काचेवर खुणा हव्यात त्या अशा दाट की, मधून आपण निघून जाऊ असं पक्ष्याला वाटू नये. दोन खुणांमध्ये आडवं-उभं पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. ठिपके चालतील, रेघा चालतील, लेकीला साबणाची वडी देऊन नक्षी काढायला सांगितलीत तरी चालेल, पाऊस आला की पुन्हा काढायची. फक्त खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूने हव्यात. आतून लावल्या तर प्रतिबिंब तसंच राहतं आणि खुणा त्याखाली लपतात. काच उंचावर असेल तर त्यासाठी तिने, आणि तुम्हीही, खिडकीबाहेर लोंबकळायचं नाही. तिथे बाहेरून जाळी किंवा जवळजवळ टांगलेल्या दोऱ्या बसवून घ्या. पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असाल तर ते खिडकीच्या अगदी जवळ, मीटरभराच्या आत ठेवा, नाहीतर चांगलं दहा मीटर लांब. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला जोरात आपटण्याइतका वेग येत नाही. मधलं अंतर सगळ्यात घातक.

हे खरंच उपयोगी पडतं का, असं यजमान विचारतील. शिकागोत तळ्याकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाचं प्रचंड प्रदर्शन केंद्र आहे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे, स्थलांतराच्या ऐन भरात, त्या एका इमारतीपाशी सुमारे हजार मेलेले पक्षी गोळा केले गेले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, आणि त्या मोसमात तिथले मृत्यू ९५ टक्क्यांच्या आसपास कमी झाले. ठिपक्यांनी. रात्री फिरणाऱ्या पक्ष्यांना दिवेही भुलवतात, तेव्हा नको असलेला दिवा मालवा, पडदे ओढून घ्या. बाहेर रात्रभर जळणारा दिवा असेल तर पांढऱ्याऐवजी पिवळसर लावा, म्हणजे पतंगकिड्यांचाही जीव वाचतो.

मी काचेवर इतका वेळ घालवला त्याला कारण आहे. साध्या घरांतून प्राण्यांचं जे नुकसान होतं ते बहुतेक नकळत होतं, आणि म्हणूनच ते थांबवणं आपल्या हातात असतं. दया तुमच्याकडे भरपूर आहे. कमी पडते ती माहिती. आणि माहिती मिळवायला ना मोठं घर लागतं, ना पैसा, ना रक्त बघायची छाती.

उंदरांचंही तेच. विषाला तुमचा विरोध योग्य आहे, पण "मला वाईट वाटतं" एवढ्यावर तो सासूबाईंपुढे टिकायचा नाही. त्यांना कारण द्या. बाजारातली पुष्कळशी उंदीरनाशकं रक्त गोठू न देणारी असतात. या जातीचं वॉरफरीन १९४८ च्या सुमारास वापरात आलं. त्यानंतर ब्रोडिफॅकूमसारखी त्याहून जहाल आली. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो जिवंत असतो, हळूहळू सुस्तावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर फिरायला लागतो. म्हणजे कुणालाही धरायला सोपा. घुबड, मांजर, कुत्रा, जो कुणी त्याला खाईल त्याच्या पोटात ते विष जातं आणि यकृतात महिनोन्महिने टिकून राहतं. उंदीर खाऊन आपलं काम फुकटात करणारं घुबड आपणच मारतो आणि मग उंदीर वाढले म्हणून आणखी विष आणतो. शिवाय घरात नऊ वर्षांचं मूल आहे. एवढं एक वाक्य सासूबाईंना पुरेल.

मग करायचं काय? भोकं बुजवायची. घरातला छोटा उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, साधी पेन्सिल जाईल एवढीच जागा. सिंकखाली जिथून पाइप भिंतीत शिरतो ती जागा, दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, हे सगळं एका संध्याकाळी टॉर्च घेऊन तपासा. सापडलेल्या भोकात भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी दाबून बसवा आणि वरून सिमेंट किंवा सीलंट भरा. नुसता कापडाचा बोळा कोंबलात तर तो कुरतडून उंदीर बिछाना करतील. धान्य, पीठ, बिस्किटं पत्र्याच्या किंवा काचेच्या डब्यात, कचरा रात्री घरात उघडा नाही. आत यायला वाट नाही आणि आत आलं तर खायला नाही, अशी स्थिती झाली की उंदीर उरत नाहीत. विष कितीही घाला, भोक उघडं असेल तर नवे येतच राहतात.

तरीही चार-दोन उरले तर? इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. एका झटक्यात मारणारा चांगला चाप विषापेक्षा आणि गोंदाच्या चिकटपट्टीपेक्षा बरा. चिकटपट्टीवर उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडतो. इंग्लंडमध्ये २०२४ पासून सर्वसामान्यांना ती पट्टी वापरायला कायद्याने बंदी आहे. त्या पट्टीला चिमण्या, पाली, सापसुद्धा चिकटतात. पिंजऱ्यात जिवंत पकडून लांब सोडणं ऐकायला छान वाटतं, पण अनोळखी जागी सोडलेला घरातला उंदीर फार दिवस काढत नाही. त्यातून पिंजराच लावायचा असेल तर दिवसातून निदान दोनदा बघा. पिंजरा लावून गावाला जाणारी माणसं असतात, म्हणून सांगते.

पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, पण काचेनंतर लेकीला हमखास भेटणार आहे ते जमिनीवर पडलेलं पिल्लू. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, असं पिल्लू हरवलेलं नसतं. ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळपास असतात. मांजराच्या किंवा रस्त्याच्या तोंडी असेल तर उचलून शेजारच्या झुडपावर ठेवा आणि दूर व्हा. अंग उघडं, डोळे मिटलेले असतील तर ते घरट्यातून पडलंय, घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते असं सगळे सांगतात, पण पक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही. पिल्लं घरी उचलून आणून दुधात भिजवलेली पोळी भरवणाऱ्या दयाळू माणसांमुळे जितकी पिल्लं मरतात, त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. पक्ष्यांना दूध पचत नाही.

तुमच्याकडे मांजर नाही, पण शेजारी असेलच. मोकळं फिरणारं पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, आणि मालकीण म्हणते, "गळ्यात घंटा आहे ना." ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाने ३५५ मांजरांवर प्रयोग केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मांसातली प्रथिनं भरपूर असलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. ज्या मांजरांशी मालक रोज पाच-दहा मिनिटं पिसांची कांडी हलवून शिकार-शिकार खेळले, त्यांची २५ टक्क्यांनी. घंटेचा मात्र दिसण्यासारखा परिणाम झाला नाही. तुमच्या लेकीला शेजारच्या मांजराशी रोज दहा मिनिटं खेळायचं काम दिलंत तर ती नाही म्हणणार नाही, आणि हातपाय धुऊन घरी आली तर यांच्या ॲलर्जीलाही फारसा धक्का नाही. मांजराची नसबंदी झाली आहे का, हेही शेजारणीला गोडीत विचारून ठेवा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. नको असलेल्या पिल्लांचं पुढे काय होतं ते तुम्ही रात्री फोनवर बघताच.

आता त्या फोनकडे येऊ. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला भाग तो आहे. रडण्याबद्दल काही म्हणणं नाही. पण काय शेअर करतो आहोत हे बघायला हवं. २००९ साली इंटरनेटवर लाजवंतीचा, म्हणजे स्लो लोरिसचा, एक व्हिडिओ फार गाजला. मोठ्या डोळ्यांचा तो इवलासा प्राणी पलंगावर दोन्ही हात वर करून बसलाय, कुणीतरी त्याच्या काखेत गुदगुल्या करतंय आणि जगभरातली माणसं "किती गोड" म्हणताहेत. लोरिस हा विष असलेल्या मोजक्या सस्तन प्राण्यांपैकी एक. त्याची विषग्रंथी दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ असते. संकटात तो हात वर उचलतो तो ती ग्रंथी तोंडाजवळ आणण्यासाठी, कारण तो स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. लोकांना जी मजा वाटली ती त्याची घाबरगुंडी होती. शिवाय विकायला ठेवलेल्या लोरिसचे दात अनेकदा भूल न देता कापून टाकलेले असतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात त्याच्यावर २००७ पासून सगळ्यात कडक बंदी आहे. असले व्हिडिओ बघून "मलाही हवा" म्हणणारे वाढतात, आणि जंगलातून आणखी एक पकडला जातो.

दुसरा प्रकार सुटकेच्या व्हिडिओंचा. यात खरे असतात तसे बनावटही पुष्कळ. पिल्लू मुद्दाम अजगरापुढे ठेवायचं, मुद्दाम चिखलात बुडवायचं आणि मग वाचवायचं. ओळखायचं कसं? प्राणी संकटात सापडायच्या आधीपासून कॅमेरा तिथे तयार असतो. वाचवणारा आधी तीन बाजूंनी चित्रण करतो, मग हात पुढे करतो. तेच पिल्लू, तीच विहीर पुन्हा वेगळ्या व्हिडिओत दिसते. कुठल्या पशुवैद्याने उपचार केले, पुढे प्राणी कुठे गेला याचा पत्ता नाही, पैसे पाठवायची लिंक मात्र ठळक. असं दिसलं की खाली रागाची कमेंटसुद्धा लिहू नका. यंत्राला राग आणि कौतुक यातला फरक कळत नाही, तो व्हिडिओ आणखी शंभरांना दाखवला जातो. गुपचूप रिपोर्ट करा आणि पुढे चला. ग्रुपवर तर नकोच. आणि कधी दुर्मीळ पक्ष्याचं घरटं किंवा तसा एखादा प्राणी दिसला, तर फोटोबरोबर जागा जाहीर करू नका, फोनमधली लोकेशनची नोंद आधी काढून टाका. चोरटे शिकारीही फोन वापरतात.

रात्रीचा तो अर्धा तास वाचला तर त्याचं काय करायचं? तुमच्या जवळ प्राण्यांचा निवारा असेल तर त्यांना एक फोन करा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" हे विचारणं फार महत्त्वाचं, कारण लोक आपल्या मनाने वस्तू नेऊन टाकतात आणि निवाऱ्यातली खोली जुन्या कपड्यांनी भरते. बहुधा ते जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रं मागतील. कदाचित जखमेला हात न लावता करण्यासारखं कामही सांगतील. हिशोब लिहिणं, फोन घेणं, दत्तक जायच्या प्राण्यांचे चांगले फोटो काढणं. शेवटचं काम किरकोळ वाटेल, पण पिंजऱ्याच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या फोटोपेक्षा उजेडात, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या कुत्र्याच्या फोटोकडे लोकांचं लक्ष जातं. तुमचा फोन आहेच, तो तिथे न्या.

रस्त्याबद्दल थोडक्यात. पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडीचा वेग कमी ठेवा, प्राणी त्याच वेळी हिंडतात. हरणासारखं एक जनावर आडवं गेलं की मागून दुसरं येणार हे धरून चाला. कासव रस्ता ओलांडत असेल आणि थांबणं सुरक्षित असेल, तर ते ज्या दिशेला निघालंय त्याच बाजूला नेऊन ठेवा. उलट नेलंत तर ते पुन्हा वळून चाकाखाली येईल. गाडीतून फळाची साल किंवा कणीससुद्धा बाहेर फेकू नका. ते कुजून जाईल हे खरं, पण कुजेपर्यंत त्याच्यावर उंदीर येतात आणि उंदरांसाठी घुबडं रस्त्यावर उतरतात. घराबाहेर उघडी टाकी किंवा खोल हौद असेल तर त्यात एक फळी तिरकी टाकून ठेवा, पडलेल्या खारीला बाहेर यायला वाट होते.

आता दीर. "आधी माणसांचं" हे म्हणणारी माणसं माणसांसाठी नेमकं काय करत असतात, हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला लावणार नाही, घरात उगाच वाद नकोत. त्यांना एक जुनी हकीकत सांगा. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थाने १८६६ साली प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था काढली. १८७४ मध्ये मेरी एलन नावाच्या लहान मुलीला सांभाळणारी बाई तिला रोज झोडपते, हे एका समाजसेविकेला कळलं. तिने अनेक दारं ठोठावली, कुणी मध्ये पडेना. शेवटी ती बर्गकडे गेली. त्याने आणि त्याच्या वकिलाने खटला उभा केला, मुलीची सुटका झाली, आणि त्यातूनच मुलांवरच्या क्रौर्याविरुद्ध लढणारी तिथली संस्था जन्माला आली. जनावरांचं बघणाऱ्यांनीच माणसाच्या लेकराचं बघितलं.

हकीकतीने समाधान झालं नाही तर रेबीजचा हिशोब आहे. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि जवळजवळ सगळ्यांना तो कुत्र्यामुळे होतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर तिथे रोगाची साखळी तुटते. कुत्र्यांना लस टोचणं हे माणसांचंच काम आहे. तेव्हा दिरांना प्राण्यांसाठी पैसे द्यायला जिवावर येत असेल, तर लसीकरणाला द्यायला सांगा. जाता जाता घरातल्या सगळ्यांसाठी: कुत्रा चावला किंवा ओरबाडलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. उद्या बघू म्हणायचं नाही.

कधी कुणी प्राण्याला मारताना दिसलं, तर एकटीने अंगावर जाऊ नका. दुरून व्हिडिओ घ्या, वेळ, जागा, गाडीचा नंबर टिपून ठेवा आणि पोलिसांना किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला कळवा. त्यांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. ऐन वेळी शोधत बसलं की हात थरथरतात आणि सापडत नाही.

राहिला ससा. नको म्हणा. निदान या वाढदिवसाला नको. ससा दुकानात भेटवस्तूसारखा दिसतो, पण नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे लेक कॉलेजात जाईल तेव्हाही तो घरात असेल आणि त्याची लादी तुम्ही पुसत असाल. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला त्याला दिवसभर वाळलेलं गवत चघळायला लागतं. चित्रातल्यासारखं गाजरावर त्याचं भागत नाही. पिंजऱ्यात कोंडून ठेवायचा प्राणी तो नव्हे, त्याला पळायला जागा आणि सोबतीला दुसरा ससा लागतो. आणि उचलून घेतलेलं त्याला बहुधा आवडत नाही. उचललं की शिकारी प्राण्याने पकडल्यासारखं वाटतं, तो लाथा झाडतो आणि त्यात कधी त्याच्याच पाठीचा कणा मोडतो. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र तो उचलून कुशीत घ्यायलाच हवा असतो.

लेकीला सांगा, वर्षभर खिडकीत येणारे पक्षी वहीत लिही: कोणता, किती वाजता, काय करत होता. उत्तर अमेरिकेत १९०० साली नाताळच्या सुमाराला काही पक्षीप्रेमींनी पक्षी मारण्याऐवजी मोजायला सुरुवात केली. ती मोजणी अजून चालू आहे आणि कोणते पक्षी घटताहेत हे शास्त्रज्ञांना त्यातून कळतं. तिची वहीही ईबर्डसारख्या, पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या मदतीने भरता येईल. वर्षाच्या शेवटी वही भरलेली असेल आणि ससा हवाच असेल, तर निवाऱ्यातून नसबंदी झालेली मोठ्या वयाची जोडी बघा. त्याआधी दोन-तीन वेळा यांना तिथे तासभर नेऊन बसवा. सशालाही केस असतात, आणि शिंका यायच्या असतील तर त्या घरी आणण्याआधी तिथेच आलेल्या बऱ्या.

तुमची,
ताई